दहा नंबरची ट्राम

मुलीकडे बाझलला जायचे नक्की झाले, तेव्हा आमच्या सोसायटीतल्या प्रत्येकाने मला एकच गोष्ट बजावली : बर्फात उभे राहून फोटो काढायला विसरू नका. तो फोटो मी काढला. त्यात मी कानटोपी घालून उभा आहे आणि सौ. नऊवारी नसली तरी साडीच, तिच्यावर जावईबापूंचा कोट चढवून माझ्याकडे रागाने पाहते आहे. पण स्वित्झर्लंडच्या बर्फावर दिवाळी अंकांतून आजवर एवढी शाई सांडली आहे की तिच्यात माझ्या दोन थेंबांची भर नको. मी सांगणार आहे ते एका शेताविषयी, आणि त्या शेतातल्या काळ्या भुंगेऱ्यांविषयी. ‘शेत बघायला इतक्या लांब कशाला गेलात? आपल्याकडे काय कमी आहेत?’ असे कोणी विचारील. सौ.ने विचारलेच.

उत्तर द्यायचे तर आधी माझा पेशा सांगायला हवा. १९७६ पासून २००९ पर्यंत मी पिकांवर मारायची औषधे विकली. ‘औषध’ हा शब्द शेतकऱ्यांचा. डब्यावर कवटीचे चित्र असले तरी आमच्या खानदेशात त्याला कोणी विष म्हणत नसे. ‘औषध मारलं’, ‘औषध आणायचं आहे’, असेच बोलायचे. मी राजदूत मोटारसायकलवर पाठीमागे नमुन्यांची पेटी बांधून जळगाव-धुळ्याची खेडी तर पालथी घातलीच, पण सातपुडा ओलांडून निमाडात खरगोनपर्यंत जात असे. कंपनीचे नाव सांगत नाही. तिने मला वेळेवर पगार दिला, मुलीचे शिक्षण झाले, तक्रार करायला जागा नाही.

आमची विक्रीची रीत ठरलेली असे. एखाद्या वजनदार शेतकऱ्याच्या अर्ध्या एकरावर संध्याकाळी फवारणी करायची आणि सकाळी गावाला बोलवायचे. खाली किड्यांचा सडा पडलेला असे. मी वाकून ओंजळभर मेलेले किडे उचलायचा आणि लोकांच्या नाकासमोर धरायचा. बोलायची गरजच पडत नसे! चोपडे तालुक्यात एकदा एका म्हाताऱ्या पाटलांनी माझ्या ओंजळीतून काडीने एक मोठा काळा भुंगेरा बाजूला काढला. त्याच्या पाठीवर सहा पांढरे ठिपके होते. पाटील म्हणाले, “साहेब, हा तर कपाशी खात नाही. हा रात्रीचा फिरतो अन् अळ्या खातो. याला कशाला मारलं?” मी हसून म्हणालो, “किडा तो किडा, पाटील.” सगळे हसले. त्या दिवशी तिथे बरेच डबे खपले.

ही गोष्ट मी जवळजवळ चाळीस वर्षे विसरून गेलो होतो. ती आठवली बाझलला, आणि तीही एका मुरंब्याच्या बरणीमुळे.

बाझल हे ऱ्हाइन नदीच्या वळणावर वसलेले गाव. एका बाजूला फ्रान्स, दुसऱ्या बाजूला जर्मनी. भाजी आणायला दुसऱ्या देशात जाणारी माणसे मी पहिल्यांदा तिथेच पाहिली. गाव औषधांचे. माणसांची औषधे तशीच माझ्या पेशातलीही. डी.डी.टी. किडे मारते हा शोध १९३९ साली पाउल म्युलर या रसायनशास्त्रज्ञाने याच गावातल्या एका प्रयोगशाळेत लावला आणि १९४८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आणि याच गावाजवळ १९८६ च्या नोव्हेंबरात एका रसायनांच्या गोदामाला आग लागली. विझवायला मारलेल्या पाण्याबरोबर विषारी औषधे ऱ्हाइनमध्ये गेली, नदी तांबडी झाली आणि मैलोगणती मासे मेले. म्हणजे मी एका अर्थी माझ्या माहेरीच आलो होतो म्हणाना.

मुलीच्या शेजारी एक निवृत्त शाळामास्तर राहतात. वय ऐंशीच्या घरात. छंद भुंगेरे जमवण्याचा. त्यांना मराठी येत नाही, मला जर्मन येत नाही, आणि इंग्रजीच्या बाबतीत दोघेही सारखेच. दुभाषी म्हणून माझा नातू होता, वय वर्षे नऊ. मी त्या गृहस्थांना ‘गुरुजी’ म्हणत असे. नातवाने त्याचा अर्थ त्यांना काय सांगितला कोण जाणे, पण ते खूश झाले.

शहराच्या कडेला भाड्याने मिळणारे बागांचे तुकडे असतात, त्यांतला एक गुरुजींकडे होता. तिथे त्यांनी मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या तोंडापर्यंत मातीत पुरल्या होत्या आणि वर तीन खड्यांवर एकेक कौल टेकवून ठेवले होते, पावसाचे पाणी जाऊ नये म्हणून. रात्री जमिनीवरून धावणारा किडा बरणीत पडतो आणि गुळगुळीत काचेवरून वर चढू शकत नाही. सकाळी मोजायचे आणि सोडून द्यायचे. एवढेच यंत्र! शास्त्रज्ञही हेच वापरतात, फक्त ते बहुधा भांड्यात किडे टिकवून ठेवणारे द्रव्य घालतात आणि मग त्यांतून कोणी परत जात नाही.

पहिल्याच सकाळी एका बरणीत सोन्यासारखा हिरवा, इंचभर लांबीचा भुंगेरा निघाला. पाठीवर लांब धारा, पाय तांबूस. मी आजवर मेलेले किडे हजारोंनी पाहिले, पण जिवंत किड्याकडे इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते, हे कबूल करायला हवे. गुरुजी म्हणाले, हा सोनेरी भुंगेरा पूर्वी शेतांतून सर्रास दिसे. फ्रान्समध्ये याला ‘माळीणबाई’ अशा अर्थाचे नाव आहे, कारण तो गोगलगायी आणि अळ्या खाऊन बाग राखतो. फाब्र या थोर फ्रेंच कीटकनिरीक्षकाने हे भुंगेरे पाळले होते आणि मीलन झाल्यावर माद्या नरांना खातात असे त्याला दिसले. नातवाने हे भाषांतर मोठ्या आवाजात केले. “म्हणजे काही ठिकाणी व्यवस्था नीट आहे तर,” एवढे बोलून सौ. टोमॅटोकडे वळली.

या घराण्याला जर्मन भाषेत ‘लाउफकेफर’ म्हणतात, म्हणजे धावणारे भुंगेरे. जगात त्यांच्या चाळीस हजारांच्या आसपास जाती आहेत. उडायचे बहुतेकांच्या मनात नसते. मातीवर, ढेकळांखाली, पाचोळ्यात यांचे आयुष्य जाते. अंडी मातीत, अळी मातीत, कोषही मातीतच. मोठे झाल्यावर मावा, गोगलगायी, अळ्या, माश्यांची अंडी, जे सापडेल ते खातात. काही जाती तर तणाचे बी खातात. मी त्यांना बरणीतून सोडताना त्यांचा वेग पाहिला. ओंजळीत ते मला कधी इतके घाईत दिसले नव्हते.

तेव्हाच मी पाटलांची गोष्ट गुरुजींना सांगितली. नातवाने भाषांतर केले, पण मध्येच थांबून मला विचारले, “आजोबा, तुम्ही त्याला का मारलं होतं?” मी म्हणालो, “चुकून.” गुरुजी काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, उद्या दहा नंबरच्या ट्रामने थेरविलला जाऊ.

ही दहा नंबरची पिवळी ट्राम म्हणजे एक प्रकरण आहे. ती सुरू होते डोर्नाखला, जिथे टेकडीवर रुडॉल्फ श्टायनरच्या अनुयायांचे काँक्रीटचे अजस्र मंदिरवजा सभागृह आहे. मग बाझल शहरातून, प्राणिसंग्रहालयाच्या बाजूने ती लाइमेन खोऱ्यात शिरते आणि पुढे वाटेतच लेमेन नावाच्या एका फ्रेंच खेड्यातून जाऊन पुन्हा स्वित्झर्लंडमध्ये येते. पासपोर्ट कोणी विचारत नाही. आमचे थेरविल त्याच्या अलीकडे. दोन्ही बाजूंना चेरीची झाडे लगडली होती. जूनचा पहिला आठवडा. गहू कमरेएवढा उभा, अजून हिरवा.

शेतापाशी पोचलो तेव्हा माझी थोडी निराशाच झाली. मोठे फाटक नाही, पाटी साधी. शंभर-शंभर चौरस मीटरचे शहाण्णव वाफे, प्रत्येक वीस मीटर लांब आणि पाच मीटर रुंद, मधून गवताच्या वाटा. पण १९७८ सालापासून या वाफ्यांत एकाच प्रश्नाचे उत्तर शोधणे चालू आहे. तेच पीक, तीच माती, तोच पाऊस. फक्त शेती करायची रीत वेगळी. काही वाफे श्टायनरच्या पद्धतीचे, काही साध्या सेंद्रिय पद्धतीचे, काही शेणखत अधिक रासायनिक खत आणि औषधे अशा चालू पद्धतीचे, काही नुसत्या रासायनिक खतांचे, आणि काही बिचाऱ्यांना काहीच नाही. स्विस सरकारचे संशोधन केंद्र आणि फ्रिक येथील सेंद्रिय शेती संशोधन संस्था मिळून हे चालवतात, आणि कोणत्या वाफ्यात काय करायचे यात त्या-त्या पद्धतीच्या खऱ्या शेतकऱ्यांचा सल्ला घेतात. ही गोष्ट मला फार आवडली. आमच्या प्रात्यक्षिकात शेतकऱ्याचे काम हारतुरे घालणे एवढेच असे.

वाटेवरून पाहताना फरक मला लगेच कळला. शेवटी तेहतीस वर्षे पिकेच पाहिली. चालू पद्धतीचा गहू दाट, गडद हिरवा, एकसारखा कापलेल्या केसांसारखा. माझ्या तोंडून “वा!” निघून गेले. शेजारचा सेंद्रिय गहू किंचित फिकट, विरळ, मध्येमध्ये तण. आम्ही असल्या शेतकऱ्याला आळशी म्हणत असू. तेवढ्यात नातू ओरडला. त्या विरळ गव्हाच्या बुडाशी तांबूस-हिरवी झाक असलेला एक लहानसा भुंगेरा उन्हात धावत आमच्या वाटेवर आला आणि पलीकडच्या दाट वाफ्यात शिरून दिसेनासा झाला. गुरुजींनी त्याचे लॅटिन नाव घेतले आणि टोपी काढली.

इथल्या गव्हात १९८८ ते १९९१ या काळात तीन हंगाम असेच सापळे लावून मोजणी झाली. जमिनीवर धावणारे भुंगेरे, त्यांचे आखूड पंखांचे भाऊबंद आणि कोळी हे सगळे सेंद्रिय वाफ्यांतल्या सापळ्यांत चालू पद्धतीच्या जवळजवळ दुप्पट पडले. धावणाऱ्या भुंगेऱ्यांच्या जाती चालू पद्धतीत २२ ते २६ मिळाल्या, साध्या सेंद्रियात २६ ते २९ आणि श्टायनरवाल्यांकडे २८ ते ३४. काही दुर्मिळ जाती तर फक्त सेंद्रिय वाफ्यांतच होत्या. श्टायनरवाले गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर जमिनीत पुरतात आणि मग ते पाण्यात ढवळून शिंपडतात. शिंगाचा यात किती हात, हे भुंगेऱ्यांनाच विचारायला हवे. माझा त्यावर विश्वास नाही. पण मी स्वतः काय-काय ढवळून विकले ते आठवून मी तिथे गप्प बसलो.

मी म्हणालो, “म्हणजे दुप्पट भुंगेरे.” गुरुजींनी बोट वर केले. मास्तर निवृत्त झाला तरी बोट निवृत्त होत नाही! ते म्हणाले, दुप्पट भुंगेरे नव्हे, सापळ्यात दुप्पट पडले. त्या दोहोंत अंतर आहे. सापळा धावणाऱ्याला मोजतो. उपाशी भुंगेरा रात्रभर वणवण करतो आणि सापडतो; पोट भरलेला ढेकळाखाली झोपतो आणि सापडत नाही. विरळ पिकात धावायला सोपे, दाट पिकात अवघड. शिवाय वाफा पाच मीटर रुंद. मोठ्या भुंगेऱ्याला ते अंतर म्हणजे रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली. आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत एक गेला तो कोणाच्या खात्यावर मांडायचा? आणि एवढी येजा असूनही इतक्या वर्षांत फरक दिसतो, हीच त्यातली विचार करण्याजोगी गोष्ट.

माझ्या विक्रीच्या साऱ्या आयुष्यात मी आपल्याच मालाबद्दल अशी शंका एकदाही बोलून दाखवली नव्हती. बोललो असतो तर नोकरी गेली असती.

कारण काय, हेही मी विचारले. मला वाटले होते, औषध नाही म्हणून किडे आहेत, संपले. पण तेवढेच नाही. तणामुळे सावली आणि ओल राहते, तणाचे बी खायला मिळते. शेणखताने गांडुळे आणि बारीकसारीक जीव वाढतात, ते यांचे अन्न. या शेतात गांडुळे सेंद्रिय वाफ्यांत सव्वापटीपासून तिपटीपर्यंत जास्त भरली. उलट सेंद्रिय शेतकरी तण काढायला वारंवार कोळपणी करतो, नांगरतो, आणि त्यात मातीतली अंडी-अळ्या मरतात; त्यामुळे सेंद्रिय पाटी लावली की भुंगेरे आलेच असे मुळीच नाही. इंग्लंडात काही ठिकाणी मोठ्या शेताच्या मधोमध उंच गवताचा बांध घालतात, फक्त भुंगेऱ्यांना हिवाळा काढता यावा म्हणून. आपल्याकडे बांध आयतेच होते. ते कोरून-कोरून आपण पिकात घेतले आणि भावाभावांत कोर्टकचेऱ्या केल्या.

आता घरातले हिशेबी वाचक विचारतील : आणि पीक? मीही तेच विचारले. इथल्या एकवीस वर्षांचा हिशेब २००२ साली प्रसिद्ध झाला. सेंद्रिय पद्धतीत सगळी पिके धरून उत्पन्न सुमारे वीस टक्के कमी. गव्हाने बरा दम धरला, हेक्टरी सरासरी ४.१ टन, म्हणजे एकरी साधारण साडेसोळा क्विंटल. चालू पद्धतीच्या नव्वद टक्के. बटाट्याने मात्र दगा दिला. तिथे करपा पडतो आणि पालाश कमी पडते; चालू पद्धतीच्या ५८ ते ६६ टक्केच बटाटा हाती आला. दुसऱ्या बाजूला खते आणि ऊर्जा यांचा खर्च ३४ ते ५३ टक्के कमी आणि औषधे ९७ टक्के कमी. ज्याच्या घरी पगार येतो त्याला हे सौदे ऐकायला गोड वाटतात. ज्याच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे, त्याला वीस टक्के म्हणजे मुलीचे लग्न पुढे ढकलणे. हे मी गुरुजींना सांगितले. नातवाला ‘सोसायटीचे कर्ज’ भाषांतरित करता आले नाही. पण ते समजले असावेत.

परतताना ट्राममध्ये मी त्यांना आपल्याकडची एक गोष्ट सांगू शकलो, आणि खरे सांगायचे तर जरा छाती फुगवूनच सांगितली. या साऱ्या सेंद्रिय प्रकरणाचे एक मूळ होळकरांच्या इंदुरात आहे. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ पासून तिथल्या संशोधन संस्थेत कंपोस्ट खताची ‘इंदूर पद्धत’ बसवली आणि १९३१ साली त्यावर पुस्तक काढले. त्या पुस्तकावर हॉवर्डसाहेबांच्या शेजारी नाव आहे यशवंत वाड यांचे. हॉवर्ड जगाला ठाऊक आहेत. वाड कितीजणांना ठाऊक असतील? आणि आता चक्र असे फिरले आहे की थेरविलच्या प्रयोगाशी संबंधित त्याच फ्रिकच्या संस्थेने २००७ पासून इंदूरच्या खालच्या अंगाला, निमाडात कसरावदजवळ काळ्या मातीत कापूस, सोयाबीन आणि गहू घेऊन तशीच तुलना चालवली आहे. कसरावद! तिथल्या दुकानांत मी डबे पोचवीत असे. थेरविलच्या शेताचा धाकटा भाऊ माझ्याच जुन्या हद्दीत आहे, हे मला सहा हजार किलोमीटरवर जाऊन कळले.

जुलैअखेर घरी परतलो आणि आठ दिवसांत चोपड्याला पुतण्याकडे गेलो. थोरल्या भावाचा मुलगा. नऊ एकर, त्यात सहा एकर कपाशी. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने त्याचे पीक खाल्ले आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हापासून तो दर हंगामात मला विचारतो, “काका, करू काय?” मी दर वेळी कुठले तरी नवे औषध सांगत आलो. या वेळी मी चार बरण्या घेऊन गेलो. पुतण्याची बायको म्हणाली, “काकांनी मुरंबा आणला वाटतं.” त्या रिकाम्या पाहून ती बिचारी काय समजली असेल!

दोन बरण्या फवारलेल्या कपाशीत पुरल्या, दोन नाल्याकाठच्या बांधावर, जिथे त्याच्या आजोबांच्या वेळचा निंब आहे आणि नांगर पोचत नाही. पाऊस होता म्हणून वर कौले. सकाळी कपाशीतल्या बरण्यांत मुंग्या आणि एक रातकिडा. बांधावरच्या पहिल्या बरणीत काही नाही. दुसरीत तो बसला होता. काळाकुळकुळीत, पाठीवर सहा पांढरे ठिपके. मी पुतण्याला हात लावू नको म्हणेपर्यंत त्याने लावला, आणि त्या प्राण्याने आपली आम्लाची पिचकारी त्याच्या बोटावर सोडली. “च्यायला, हा पण फवारतो!” पुतण्या बोट झटकत म्हणाला.

मग आम्ही बांधावरच बसलो आणि मी त्याला पाटलांची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “पाटील तर गेले, काका. पंधरा वर्षं झाली.” ते मला ठाऊक नव्हते.

त्याने बांधालगतचा अर्धा एकर या हंगामात न फवारता ठेवायचे कबूल केले. मी नुकसान झाले तर भरून देतो म्हणालो. त्यावर तो रागावला. कामगंध सापळे लावायचे, गळालेली बोंडे वेचून नष्ट करायची, शेणखत टाकायचे, बांध कोरायचा नाही, आणि आठवड्यातून एकदा बरण्या मोजून मला फोन करायचा, असे ठरले. सौ. म्हणते, तुम्ही त्या पोराला परीक्षेला बसवले आहे आणि पेपर मात्र तुमचा आहे. तिचे चूक नाही.

हा लेख संपादकांकडे पाठवायच्या आदल्या रात्री त्याचा फोन आला.

“काका, बांधाजवळच्या बरणीत आज सात.”

“ठिपकेवाले?”

“दोन ठिपकेवाले. बाकी बारके, काळे. अन् एक बरणी कपाशीत पाच तास आत सरकवून ठेवली होती, तिच्यात एक.”

मी थोडा वेळ थांबलो. विचारावे की नाही, कळेना. मग विचारले, “आणि बोंडात अळी?”

“ती पण आहे,” तो म्हणाला. “पुढच्या बुधवारी वीस बोंडं फोडून मोजतो अन् सांगतो.”